येत्या नोव्हेंबरमधील ३६ राज्यांच्या गव्हर्नर निवडणुका: आपले लक्ष कुठे असावे?

जर्सीकर (धागा)

३ नोव्हेंबर २०२६ रोजी अमेरिकेतील ३६ राज्यांत गव्हर्नरपदासाठी मतदान होणार आहे. इथल्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत व्हिसा, ग्रीनकार्डाची रांग आणि वॉशिंग्टनमधील घडामोडी यांना कायम पहिले स्थान असते, आणि राज्याच्या राजधानीत काय चालले आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. मुलांच्या शाळेचा निधी, सरकारी विद्यापीठाची फी, विजेचे दर, आईवडिलांचा आरोग्यविमा, घरावरचा कर हे सगळे विषय प्रामुख्याने राज्याच्या हातात असतात, आणि राज्यात सर्वाधिक अधिकार ज्या एका व्यक्तीकडे असतात ती व्यक्ती या निवडणुकीतून ठरते.

आमच्या न्यू जर्सीत आणि व्हर्जिनियात ही निवडणूक नोव्हेंबर २०२५ मध्येच पार पडली. न्यू जर्सीत मिकी शेरिल आणि व्हर्जिनियात अॅबिगेल स्पॅनबर्गर निवडून आल्या. व्हर्जिनिया डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेल्यामुळे आता ५० पैकी २६ राज्यांत रिपब्लिकन आणि २४ राज्यांत डेमोक्रॅटिक गव्हर्नर आहेत. यंदा पणाला लागलेल्या ३६ जागा दोन्ही पक्षांत १८-१८ अशा सारख्या वाटलेल्या आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या राज्यांत विद्यमान गव्हर्नर पुन्हा उभेच नाहीत. मिशिगन, जॉर्जिया, ओहायो, फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया येथील गव्हर्नरांना मुदतीच्या मर्यादेमुळे उभे राहता येत नाही, तर विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि आयोवा येथील गव्हर्नरांनी स्वतःहून माघार घेतली आहे. इतक्या मोठ्या राज्यांत एकाच वेळी कोरी पाटी असणे नेहमी घडत नाही.

या निवडणुकीला यंदा विशेष वजन का आहे, ते सांगतो. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने जो मोठा अर्थसंकल्पी कायदा झाला, त्यानुसार मेडिकेडच्या (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) विस्तारित गटातील १९ ते ६४ वयाच्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचे सिद्ध करावे लागेल. ही अट १ जानेवारी २०२७ पर्यंत सर्व संबंधित राज्यांत लागू व्हायची आहे, आणि नवे गव्हर्नर शपथ घेणार तेही त्याच महिन्यात. कागदपत्रे कशी मागवायची, सूट कोणाला आणि किती सहजपणे द्यायची, संगणकयंत्रणा कशी उभारायची हे सगळे राज्याच्या प्रशासनावर सोडलेले आहे. आर्कान्सामध्ये २०१८ साली अशीच अट घातली गेली, तेव्हा न्यायालयाने ती थांबवण्यापूर्वी काही महिन्यांतच १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला होता, आणि त्यांतले बरेच जण प्रत्यक्षात काम करत होते किंवा अटीतून सूट मिळण्यास पात्र होते. म्हणजे कायदा एकच असला, तरी तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे राज्यकर्त्यावर अवलंबून असते. (६५ वर्षांवरील ग्रीनकार्डधारक आईवडिलांना ही कामाची अट लागू नाही. हा प्रश्न मला अनेकांनी घाबरून विचारला, म्हणून येथे नोंदवतो.)

दुसरे कारण २०२८ चे आहे. २०२२ च्या मतमोजणी सुधारणा कायद्यानंतर राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत राज्याच्या निकालाचे अधिकृत प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी मुख्यतः गव्हर्नरवर आहे, आणि ते इलेक्टर्स (राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी) जमण्याच्या किमान सहा दिवस आधी द्यावे लागते. यंदा निवडून येणारे बहुतेक गव्हर्नर २०२८ च्या डिसेंबरमध्ये पदावर असतील. अॅरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेव्हाडा, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या सहाही अटीतटीच्या राज्यांत यंदा गव्हर्नर निवडला जात आहे. जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातील निवडणुकांचे प्रमुख अधिकारी) ब्रॅड राफेन्सपर्गर यांना जानेवारी २०२१ मध्ये निकाल फिरवण्यासाठी डोनाल्ड ट्रम्प यांचा जो दूरध्वनी आला होता, तो आपण सर्वांनी ऐकला आहे. तेच राफेन्सपर्गर आता रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत) गव्हर्नरपदाचे इच्छुक आहेत. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या व्यक्तीचा स्वभाव आणि कणा पाहून मत देण्याची ही वेळ आहे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक अधिकार आपल्या लक्षात येत नाही. सिनेटची जागा रिकामी झाली की बहुतेक राज्यांत तात्पुरती नेमणूक गव्हर्नर करतात. जे. डी. व्हान्स आणि मार्को रुबिओ सिनेट सोडून केंद्र सरकारात गेल्यावर २०२५ च्या जानेवारीत ओहायो आणि फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी त्यांच्या जागी सिनेटर नेमले.

बहुतेक राज्यांत खरी निवड प्रायमरीत होते आणि त्या आता सुरू होत आहेत: ओहायोत ५ मे, जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनियात १९ मे, कॅलिफोर्नियात २ जून, मिशिगनमध्ये ४ ऑगस्ट, विस्कॉन्सिनमध्ये ११ ऑगस्ट, फ्लोरिडात १८ ऑगस्ट. म्हणून हा धागा आत्ता काढला आहे. प्रत्येकाने आपल्या राज्यातील परिस्थिती लिहावी. कोणत्याही पक्षाचे समर्थन करण्यास हरकत नाही. मात्र मुद्दा राज्यकारभाराचा असावा.

ओहायोकर

जर्सीकर, वेळेवर धागा काढलात. आमच्याकडे रिपब्लिकन पक्षातून विवेक रामस्वामी आणि डेमोक्रॅटिक पक्षातून डॉ. एमी अॅक्टन हे प्रमुख उमेदवार आहेत. रामस्वामी यांचा जन्म सिनसिनाटीचा आणि आईवडील केरळमधून आलेले. ते जिंकल्यास लुइझियानाचे बॉबी जिंदल आणि साउथ कॅरोलायनाच्या निकी हेली यांच्यानंतरचे भारतीय वंशाचे तिसरे गव्हर्नर ठरतील. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्यामुळे उत्साहाला उधाण आले आहे. मला त्या उत्साहात सामील व्हायला आवडले असते, परंतु मला त्याआधी शाळांचे उत्तर हवे आहे.

आपली बहुतेक कुटुंबे डब्लिन, पॉवेल, मेसन अशा उपनगरांत राहतात, आणि तिथे घर घेताना पहिला प्रश्न स्कूल डिस्ट्रिक्ट कोणते हाच असतो. या शाळा मोठ्या प्रमाणावर घरांवरील मालमत्ता करावर चालतात. खर्च वाढला की डिस्ट्रिक्ट लेव्ही (जादा कराचा प्रस्ताव) मतदानाला टाकते, ती फेटाळली गेली की बस कमी होतात, संगीताचे आणि कलेचे वर्ग बंद पडतात आणि खेळांची फी वाढते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच मालमत्ता करावरील हे अवलंबित्व घटनाबाह्य ठरवले होते, तरीही गाडा मुळात तसाच चालू आहे. अलीकडच्या फेरमूल्यांकनांमुळे करांची बिले वाढली आहेत आणि निवृत्त लोक हवालदिल झाले आहेत, हेही तितकेच खरे आहे. रामस्वामी मालमत्ता कर खाली आणण्याची आणि राज्याचा प्राप्तिकर टप्प्याटप्प्याने शून्यावर नेण्याची भाषा करतात. प्राप्तिकर यंदापासून सरसकट २.७५ टक्के झालेलाच आहे. दोन्ही कर घटवल्यावर शाळांचा खर्च कुठून भागणार, हा प्रश्न मी त्यांच्या सभेत विचारणार आहे. डॉ. अॅक्टन यांनाही मी हेच विचारेन की शाळांना जादा निधी देताना घरमालकाला दिलासा कसा देणार. त्या २०२० मध्ये कोविडकाळात राज्याच्या आरोग्य संचालक होत्या आणि रिपब्लिकन गव्हर्नर डिवाइन यांच्याबरोबर रोज दुपारी पत्रकार परिषद घेत असत. त्यांच्याबद्दलची लोकांची मते त्या तीन-चार महिन्यांवरूनच ठरलेली दिसतात.

गव्हर्नर एकट्याने काय करू शकतो याचे आमच्याकडील उदाहरण २०१३ चे आहे. विधिमंडळातील स्वपक्षीयांनी मेडिकेडचा विस्तार रोखणारे कलम अर्थसंकल्पात घातले. गव्हर्नर जॉन केसिक यांनी ते कलम नकाराधिकाराने काढून टाकले आणि सात सदस्यांच्या कंट्रोलिंग बोर्डाकडून विस्ताराचा निधी मंजूर करून घेतला. आता मात्र राज्याच्या कायद्यात अशी तरतूद आहे की केंद्राचा वाटा ९० टक्क्यांखाली आला, तर हा विस्तार बंद करायचा. तसे झाल्यास राजधानीत कोण बसलेले आहे याला फार महत्त्व येईल.

पुण्याहून

मी भारतात राहतो, मात्र मुलगी मिनियापोलिसला असल्यामुळे हे सर्व वाचतो. दोन शंका आहेत. पहिली म्हणजे, विधिमंडळात विरोधी पक्षाचे बहुमत असताना गव्हर्नर टिकतो कसा? आपल्याकडे बहुमत गेले की सरकार पडते आणि मग राजभवनाच्या भूमिकेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला जातो, हे महाराष्ट्राने २०१९ पासून २०२३ पर्यंत पुरेपूर अनुभवले आहे. दुसरी शंका, थेट लोकांमधून निवडलेला राज्यप्रमुख आपल्या घटनाकारांनी का नाकारला असावा?

जर्सीकर

आपली पहिली शंका अगदी मूलभूत आहे. इथे विश्वासदर्शक ठराव हा प्रकारच नाही. गव्हर्नर आणि विधिमंडळ हे दोघेही स्वतंत्रपणे लोकांकडून निवडले जातात आणि मुदत ठरलेली असते. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट येथे ती दोन वर्षांची आहे, बाकी सर्वत्र चार वर्षांची. कॅन्ससमध्ये लॉरा केली या डेमोक्रॅटिक गव्हर्नर २०१९ पासून रिपब्लिकन विधिमंडळाबरोबर काम करत आहेत, आणि व्हरमाँटमध्ये फिल स्कॉट हे रिपब्लिकन गव्हर्नर डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाबरोबर. महाभियोगाची तरतूद आहे, आणि काही राज्यांत लोकांना मधेच परत बोलावण्याचा अधिकारही आहे. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये ग्रे डेव्हिस यांना लोकांनी तसे घरी पाठवले. २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम यांच्याविरुद्धचा तोच प्रयत्न फसला. आमदार फोडून सरकार पाडण्याची सोय मात्र कुठेच नाही.

दुसऱ्या शंकेबद्दल: घटना समितीने १९४७ च्या जुलैमध्ये प्रौढ मतदानाने थेट निवडलेला राज्यपाल हीच कल्पना मान्य केली होती. १९४९ च्या मे महिन्यात ती बदलून राष्ट्रपतींकडून नेमणूक हा मार्ग स्वीकारला गेला. जबाबदार मंत्रिमंडळ असताना लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि बहुमताचा मुख्यमंत्री ही दोन सत्तास्थाने एकमेकांशी भिडतील, हा त्यातील मुख्य युक्तिवाद होता; फाळणीनंतरच्या काळात प्रांतांच्या अलगपणाला बळ मिळू नये, ही पंडित नेहरूंची चिंताही त्यामागे होती. अमेरिकेच्या राज्यांत मुख्यमंत्रीच नसल्यामुळे तो पेच उद्भवत नाही.

मॅडिसनहून

विधिमंडळ आणि गव्हर्नर यांची रस्सीखेच कशी चालते हे पाहायचे असेल, तर आमच्या विस्कॉन्सिनइतके बोलके उदाहरण सापडणार नाही. आमच्याकडे गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातील काही भागच खोडून उरलेल्या भागावर सही करण्याचा अधिकार आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात विधिमंडळाने शाळांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलरने महसूलमर्यादा (शाळांना उभारता येणाऱ्या निधीची कमाल रक्कम) वाढवण्यास परवानगी दिली, ती २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन शालेय वर्षांपुरती. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी मजकुरातील काही शब्द, '२०२४-२५' मधील '२०' आणि मधली आडवी रेघ एवढेच खोडले. उरलेला आकडा वाचला गेला २४२५, आणि दोन वर्षांची वाढ सुमारे चारशे वर्षांची झाली. शब्दातील अक्षरे खोडून नवा शब्द बनवण्यास राज्यघटनेने १९९० पासून मनाई केली आहे, परंतु आकड्यांतील अंकांबद्दल तशी मनाई नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ही कृती वैध ठरवली.

मी स्वतः शिक्षिका आहे आणि शाळांना पैसा मिळाला याचा मला आनंद आहे. तरीही अशा मार्गाने तो मिळावा हे मला पटलेले नाही, कारण हीच पेन्सिल उद्या दुसऱ्या विचाराच्या गव्हर्नरच्या हाती जाईल, आणि वाढीव मर्यादेचा बोजा राज्याने साहाय्य न वाढवल्यास स्थानिक मालमत्ता करावर पडतो. एव्हर्स पुन्हा उभे नसल्यामुळे दोन्ही पक्षांत इच्छुकांची गर्दी आहे. प्रत्येक उमेदवाराला या अधिकाराच्या मर्यादेबद्दल लेखी उत्तर मागावे, असे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले आहे.

ह्यूस्टनवासी

टेक्ससमध्ये मुदतीची मर्यादाच नाही. ग्रेग अॅबट २०१५ पासून पदावर आहेत आणि चौथ्यांदा उभे आहेत. कागदोपत्री आमचा गव्हर्नर दुबळा मानला जातो, कारण लेफ्टनंट गव्हर्नर, अॅटर्नी जनरल, कंट्रोलर हे सर्व स्वतंत्रपणे निवडले जातात. दीर्घकाळ पदावर राहून मंडळांवर आणि आयोगांवर आपलीच माणसे नेमल्यामुळे प्रत्यक्षात तो फार बलवान होतो.

आपल्या लोकांशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, अॅबट यांनी जानेवारीत राज्याच्या संस्थांना आणि सरकारी विद्यापीठांना एच-१बी व्हिसासाठी नवे अर्ज करणे २०२७ च्या मेअखेरपर्यंत थांबवण्याचा आदेश दिला. फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस यांनी गेल्या ऑक्टोबरमध्ये तशीच भूमिका घेतली होती. व्हिसा हा केंद्राचा विषय आहे, असे आपण गृहीत धरतो, आणि तरीही सरकारी विद्यापीठात किंवा त्याच्या रुग्णालयात संशोधनाची जागा मिळू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींची वाट राज्याच्या राजधानीतून अडली. ज्यांच्यावर हा परिणाम होतो त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे अशा आपल्यातील नागरिकांना गव्हर्नरच्या प्रायमरीची तारीखही ठाऊक नसते. मला हे फार लागते. मतदान न करणाऱ्या नागरिकांना मी दोष देतो, आणि तो त्यांनी मनावर घ्यावा अशी माझी इच्छा आहे.

शिकागोकर

ह्यूस्टनवासी यांच्या भावनेचा आदर राखून जर्सीकरांच्या मूळ मुद्द्याबद्दल थोडा वेगळा विचार मांडते. गव्हर्नरचे अधिकार केंद्रापुढे किती टिकतात, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मोठा झाला आहे. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल गार्ड (राज्यांचे राखीव सैनिकी दल) उतरवले गेले तेव्हा गव्हर्नरची संमती नव्हती. गव्हर्नरची विनंती नसताना राष्ट्राध्यक्षांनी गार्ड बोलावण्याचा त्याआधीचा प्रसंग १९६५ चा, अलाबामातील नागरी हक्कांच्या मोर्चाच्या संरक्षणासाठीचा. नंतर आमच्या शहरातही तोच प्रयत्न झाला. निधी रोखण्याच्या धमक्या तर रोजच्याच. अशा स्थितीत गव्हर्नर बदलून आपल्या आयुष्यात खरोखर किती फरक पडेल?

जर्सीकर

शिकागोकर, आपल्याच राज्याचे उदाहरण मला उलट बाजूने बोलके वाटते. इलिनॉयने न्यायालयात दाद मागितली, खालच्या न्यायालयांनी गार्डची तैनाती रोखली आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मनाई उठवण्यास नकार दिला. गव्हर्नर आणि राज्याचे अॅटर्नी जनरल ठाम उभे राहिले नसते, तर हा प्रश्न न्यायालयात इतक्या नेटाने लढवला गेला नसता. दुसऱ्या काही राज्यांच्या गव्हर्नरांनी स्वतःहून आपले गार्ड इतर शहरांत पाठवण्यास दिले, हेही याच काळात घडले. केंद्राचा दबाव वाढला की दोन गव्हर्नरांमधील फरक अधिक ठळक होतो, असे माझे निरीक्षण आहे.

विजेचे उदाहरण देतो. आमचे राज्य पीजेएम या १३ राज्यांच्या वीजजाळ्यात आहे. तिथे वीजनिर्मितीची क्षमता राखून ठेवण्यासाठी लिलाव होतो. त्यातील दर २०२४-२५ साठी प्रति मेगावॉट-दिवस २८.९२ डॉलर होता, तो २०२५-२६ साठी २६९.९२ डॉलर झाला. डेटा सेंटरांची वाढती मागणी हे त्याचे एक मोठे कारण आहे. जून २०२५ पासून आमच्याकडे घरगुती बिले १७ ते २० टक्क्यांनी वाढली आणि आमची सारी निवडणूक त्या बिलाभोवती फिरली. ज्यांचा राजकारणाशी सुतराम संबंध नाही अशा आमच्या गल्लीतील मावश्याही जुलैचे बिल हातात घेऊन उमेदवारांच्या प्रचारकांना दारातच जाब विचारत होत्या. मिकी शेरिल यांनी आणीबाणी जाहीर करून दर गोठवण्याचे वचन दिले आणि २० जानेवारीला शपथविधीच्या दिवशीच त्यासंबंधीचे आदेश काढले. लिलाव त्यांच्या अखत्यारीत नाही, त्यामुळे हे आदेश किती पुरे पडतात ते उन्हाळ्यात कळेल. पण नियामक मंडळावर नेमणुका करणे, नव्या प्रकल्पांना वाट मोकळी करणे आणि ग्राहकांना सवलत देणे हे त्यांच्या हातात आहे, आणि त्याचा जाब आम्ही त्यांनाच विचारणार आहोत.

अटलांटाहून

विजेचा मुद्दा जॉर्जियातही तसाच पेटला आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या (वीजदर ठरवणाऱ्या राज्याच्या नियामक आयोगाच्या) निवडणुकीतील दोन्ही जागा डेमोक्रॅटिक उमेदवारांनी जिंकल्या, त्यामागे वाढती बिले हेच कारण होते.

मेडिकेडबद्दल भर घालतो. विस्तार न केलेली आता दहाच राज्ये उरली आहेत, आणि मिसिसिपी सोडता त्यांतील नऊ राज्यांत यंदा गव्हर्नर निवडला जात आहे. आमच्या राज्याने पूर्ण विस्ताराऐवजी कामाची अट असलेली योजना जुलै २०२३ मध्ये सुरू केली आणि तिच्यातील नोंदणी अपेक्षेपेक्षा फारच कमी राहिली. जी अट १ जानेवारीपासून इतर राज्यांत येऊ घातली आहे, तिचा अनुभव आमच्याकडे आधीच आहे. तो ऐकायला इतर राज्यांच्या उमेदवारांनी इथे यावे.

एक सूचना: आमच्याकडे ५० टक्क्यांहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये चार आठवड्यांनी पुन्हा मतदान होते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर लगेच, १ डिसेंबरला. भारतात जाण्याची तिकिटे काढताना ही तारीख ध्यानात ठेवावी.

मिशिगनवासी

आमच्याकडे याच्या अगदी उलट आहे. एका मताने जरी आघाडी असली, तरी तो उमेदवार निवडून येतो, आणि यंदा लढत तिरंगी आहे. डेट्रॉइटचे माजी महापौर माइक डगन अपक्ष उभे आहेत. डेमोक्रॅटिक बाजूला सेक्रेटरी ऑफ स्टेट जोसलिन बेन्सन आणि रिपब्लिकन बाजूला काँग्रेस सदस्य जॉन जेम्स आघाडीवर मानले जातात. मेन राज्यात २०१० साली पॉल लपाज ३८ टक्क्यांहून कमी मतांवर गव्हर्नर झाले होते, तसे इथे होऊ शकते. बेन्सन यांचे खातेच निवडणुका घेते, त्यामुळे त्यांनी प्रत्येक पाऊल पारदर्शकपणे टाकणे आवश्यक आहे.

मराठी वाचकांना आठवण करून देतो की २०१८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार गव्हर्नरपदासाठी उभे होते. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले, आणि २०२२ मध्ये ते काँग्रेसवर निवडून गेले. त्या प्रचाराच्या वेळी आमच्या मंडळातील कित्येकांनी आयुष्यात प्रथमच प्रायमरीत मत दिले. दुर्दैवाने त्यांतले बरेच जण २०२२ च्या प्रायमरीत पुन्हा दिसले नाहीत. आपला माणूस उभा असेल तेव्हाच घराबाहेर पडायचे, ही सवय मोडली पाहिजे.

बे एरियातून

कॅलिफोर्नियात सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पक्ष कोणताही असो, पहिले दोघेच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जातात. यंदा डेमोक्रॅटिक इच्छुक इतके आहेत की मते फुटून दोन्ही जागा रिपब्लिकन उमेदवारांना जाण्याची शक्यता गांभीर्याने बोलली जाते. म्हणजे २ जूनला मत न देणाऱ्याला नोव्हेंबरमध्ये हवा तो पर्यायच उरणार नाही.

भारतीयांशी निगडित दोन निर्णय इथे गव्हर्नरच्या टेबलावर झाले. जातिभेदाला स्पष्ट शब्दांत बंदी घालणारे एसबी ४०३ विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूसम यांनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून ते नाकारले. दोन वर्षांनी त्यांनी दिवाळीला राज्याच्या अधिकृत सणांत स्थान देणाऱ्या कायद्यावर सही केली. दिवाळीच्या कायद्याचे स्वागत मीही केले. मात्र आंबेडकरी चळवळीतील माझ्या मित्रांनी एसबी ४०३ साठी सॅक्रामेंटोत उपोषण केलेले मी पाहिले आहे, आणि तो नकार मला अजून सलतो. पुढील गव्हर्नरसमोर असे विधेयक पुन्हा आल्यास त्यांची भूमिका काय असेल, हे प्रायमरीपूर्वीच विचारले गेले पाहिजे. इथल्या मराठी मंडळींत या विषयावर एकमत नाही, याची मला कल्पना आहे. तरी प्रश्न उघडपणे विचारण्यात कोणाचे नुकसान नाही.

फिलाडेल्फियाहून

आमच्याकडे जॉश शापिरो दुसऱ्या मुदतीसाठी उभे आहेत. विजेच्या संदर्भात त्यांचे श्रेय नोंदवायला हवे: पीजेएमच्या लिलावाविरुद्ध त्यांनी केंद्रीय नियामकाकडे तक्रार केली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुढील लिलावांच्या दरावर कमाल मर्यादा घालून घेतली. त्याचा लाभ तेराही राज्यांना झाला.

मला एक व्यावहारिक प्रश्न आहे. मी आणि यजमान गेल्या वर्षी नागरिक झालो आणि नोंदणी करताना दोघांनीही कोणताच पक्ष निवडला नाही, कारण उगाच शिक्का नको असे वाटले. आम्हाला १९ मेच्या प्रायमरीत मत देता येईल का?

जर्सीकर

ताई, आहे त्या स्थितीत उमेदवारांसाठी मत देता येणार नाही. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंद पद्धतीची आहे. पक्षाची नोंद नसलेल्या मतदाराला त्या दिवशी केवळ एखादा जनमताचा प्रश्न किंवा विशेष निवडणूक असेल तर त्यात मत देता येते. जॉर्जिया, टेक्सस, मिशिगन आणि विस्कॉन्सिन येथे अशी पक्षनोंदणीच नसल्यामुळे तिकडच्या मंडळींनी सांगितलेले नियम आपल्याला लागू होणार नाहीत. पक्ष बदलण्याचा किंवा नव्याने निवडण्याचा अर्ज राज्याच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो आणि त्याची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी, म्हणजे ४ मे रोजी संपते. नोव्हेंबरमध्ये कोणालाही मत देण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे कमी होत नाही, आणि प्रायमरीनंतर पक्षाची नोंद पुन्हा काढूनही टाकता येते. आपण दोघांनीही एप्रिलमध्येच अर्ज भरून काऊंटीकडून नवे मतदार कार्ड आल्याची खात्री करून घ्यावी.

फिलाडेल्फियाहून

आभारी आहे. आज रात्रीच दोघांचेही अर्ज भरते, आणि मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात नोंदणीचे एक टेबल मांडता येईल का, हेही अध्यक्षांना विचारते.